पालथे पडून पाहायचे बेट

अंदमान म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहते ते सेल्युलर जेल. त्यात वावगे काहीच नाही. सावरकरांच्या कोठडीपुढे क्षणभर हात जोडून उभे राहावे, संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम पाहावा, दुसऱ्या दिवशी हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर सूर्यास्ताचे फोटो काढावेत आणि सहाव्या दिवशी विमान पकडावे, अशी बहुतेकांची सहल आखलेली असते. या धावपळीत नील नावाच्या छोट्या बेटाच्या वाट्याला जेमतेम चार तास येतात. सकाळच्या बोटीने उतरायचे, तीन 'पॉइंट' उरकायचे, शहाळे प्यायचे आणि दुपारच्या बोटीने निघायचे. समुद्रात उतरलेच तर वीस मिनिटे.

गेल्या फेब्रुवारीत आमच्या गटाने मात्र या बेटावर दोन रात्री आणि मधला एक अख्खा दिवस काढला. गट म्हणजे मुंबई, नाशिक आणि इंदूरहून आलेले अकरा जण. त्यांत पोहता येणारे फक्त तिघे. हा लेख त्या तिघांसाठी नाही, उरलेल्या आठ जणांसाठी आहे. आपल्याकडे किती तरी कुटुंबे समुद्रकिनारी जातात, गुडघाभर पाण्यात उभी राहतात आणि 'आम्हाला पोहता येत नाही हो' म्हणून परत फिरतात. ज्या समुद्राची चित्रे पाहून ती इतक्या लांब आलेली असतात, तो समुद्र त्यांच्या गुडघ्यांच्या खालीच राहतो.

आधी नावाविषयी. नील हे नाव १८५७च्या उठावात अलाहाबादेत भयंकर सूड उगवणाऱ्या जेम्स नील या इंग्रज अधिकाऱ्याचे. शेजारचे हॅवलॉक हेही त्याच युद्धातल्या सेनापतीचे नाव. नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी ३० डिसेंबर १९४३ रोजी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, त्याला पंचाहत्तर वर्षे झाली त्या दिवशी, म्हणजे २०१८मध्ये, हॅवलॉकचे स्वराज द्वीप आणि नीलचे शहीद द्वीप असे नामकरण झाले. पोर्ट ब्लेअरही २०२४पासून श्री विजय पुरम झाले आहे. कागदोपत्री नवी नावे आहेत, पण बोटीवरचा खलाशी अजून 'नील, नील' असेच ओरडतो.

बेटावरच्या गावांची नावे मात्र ऐकताक्षणीच घरची वाटतात. सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर! फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारने इथे जमिनी दिल्या. त्यांनी जंगल तोडून भातशेती केली, भाजीपाला लावला आणि गावांना रामायणातली नावे दिली. आजही अंदमानच्या बाजारात नीलची भाजी प्रसिद्ध आहे. जेट्टीवरून निघालो की दोन्ही बाजूंना नारळी-पोफळी, केळी, वांग्या-टोमॅटोचे वाफे लागतात, आणि कोकणातून आलेल्याला क्षणभर आपण घरीच उतरलो की काय असे वाटते. फरक कळतो तो समुद्र दिसल्यावर. कोकणातला समुद्र राखाडी-मातकट, कारण नद्या गाळ आणून ओततात. इथे तळाची वाळू मोजता येईल इतके पाणी स्वच्छ.

दिवस ठरवते भरती-ओहोटी

घड्याळ तुमचे असले तरी या बेटावर वेळापत्रक समुद्राचे चालते. त्यातून अंदमान आहे देशाच्या पार पूर्वेला आणि घड्याळ मात्र भारतीय प्रमाणवेळेचे. त्यामुळे हिवाळ्यातसुद्धा पावणेसहाच्या आत सूर्य वर येतो आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत बुडतो. नऊला उठून, न्याहारी करून अकराला बाहेर पडणाऱ्याचा अर्धा दिवस झोपेतच जातो.

कोकणातले जुने लोक तिथीवरून भरती सांगतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण हाती लागते. हे गणित पश्चिम किनाऱ्याचे आहे, बंगालच्या उपसागरात ते जसेच्या तसे लागू पडत नाही. पण पौर्णिमा-अमावस्येला उधाण आणि अष्टमीला भांग, हा नियम दोन्हीकडे सारखा. आम्ही होतो तेव्हा पौर्णिमा दोन दिवसांवर आलेली, म्हणजे पाणी भरपूर चढणारे आणि भरपूर उतरणारेही. आदल्या संध्याकाळी आमच्या मुक्कामाच्या मालकांनी सांगून टाकले, "सकाळी आठ-साडेआठला भरती. सातलाच पाण्याजवळ या. दुपारी ओहोटी, तेव्हा लक्ष्मणपूरला जा. मधल्या वेळात झोपा."

गटातल्या काहींना हे ऐकून धक्काच बसला. एवढे पैसे खर्च करून अंदमानला यायचे ते दुपारी झोपायला? पण भरती पाहून दिवस आखण्याला इथे खरा अर्थ आहे. भरतपूरच्या किनाऱ्याला लागून उथळ खाजण आहे आणि त्यापुढे प्रवाळांचे पट्टे. पाणी चढलेले असताना प्रवाळांवर माणूस अलगद तरंगू शकतो. तेच ओहोटीत गेलात तर गुडघे, कोपरे आणि प्रवाळ एकमेकांवर घासतात. त्यात जखम दोघांनाही होते. माणसाची आठवड्यात भरते.

मास्क, नळी आणि मिशी

स्नॉर्केलिंगचे सामान अगदी साधे. डोळे आणि नाक दोन्ही झाकणारा काचेचा मास्क, आणि दातांत धरायची, वर वळलेली एक नळी. पोहायचा चष्मा इथे चालत नाही, कारण त्यात नाक बाहेर राहते. नळी हातभरापेक्षा लांब का नसते, असा प्रश्न आमच्यातल्या बारा वर्षांच्या मुलाने विचारला. प्रश्न चांगला होता. लांब नळीत आपलाच सोडलेला श्वास साठून राहतो आणि तोच पुन्हा आत येतो. शिवाय थोडे खोल गेले तरी पाण्याचा दाब छातीवर इतका येतो की वरची हवा ओढून घेणे फुप्फुसांना जमत नाही. म्हणून स्नॉर्केलिंग म्हणजे बुडी मारणे नव्हे. पृष्ठभागावर पालथे पडायचे आणि खाली पाहायचे, एवढेच.

मास्क घट्ट बसतो की नाही हे पाहायची युक्ती सोपी आहे. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकाने हलका श्वास आत घ्यायचा. मास्क हात सोडूनही चिकटून राहिला तर माप बरोबर. मध्ये केस येता कामा नयेत. आमच्या इंदूरच्या काकांची झुपकेदार मिशी इथे आडवी आली. पाणी दर मिनिटाला आत! अखेर गाइडने मिशीवर व्हॅसलिन चोपडले तेव्हा कुठे प्रकरण मिटले. काच धुरकट होऊ नये म्हणून आतून थुंकी चोळून विसळायची, हा जगभरचा उपाय. ऐकून नाके मुरडणाऱ्या महिलांनीही दहा मिनिटांनी तो मुकाट्याने केला.

कपड्यांविषयी थोडे स्पष्ट लिहायला हवे, कारण पुष्कळ महिला केवळ त्या संकोचाने किनाऱ्यावर बसून राहतात. अंगाबरोबर बसणारी लेगिंग आणि लांब बाह्यांचा टी-शर्ट हा पोशाख उत्तम. त्यात अंगही झाकते आणि पाठही भाजत नाही. पालथे पडल्यावर तासभर ऊन थेट पाठीवर असते आणि पाण्याच्या गारव्यात ते जाणवत नाही, रात्री कुशीवर वळताना जाणवते! साडी, ओढणी, घेरदार कुर्ता मात्र नको. ओले कापड पायांत गुंडाळले जाते आणि ते धोक्याचे आहे.

तेराचा पाढा

आमच्या गटात नाशिकच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. वय चौसष्ट. सगळे त्यांना बाईच म्हणत. पोहता येत नव्हते, पाण्याची भीती लहानपणापासून. माहेरच्या विहिरीत चुलत भाऊ बुडालेला त्यांनी पाहिला होता. आदल्या रात्री त्यांनी जाहीर केले होते की त्या किनाऱ्यावर सर्वांच्या चपला सांभाळतील. सकाळी मात्र लेगिंग घालून सर्वांत आधी त्याच तयार.

गाइड पंचविशीतला बंगाली मुलगा. याच बेटावर जन्मलेला, आजोबा पूर्व बंगालातून आलेले. त्याने सर्वांना लाइफ जॅकेट चढवले आणि कमरेइतक्या पाण्यात, स्वच्छ वाळूवर उभे केले. नाक विसरायचे, श्वास तोंडाने आत, तोंडानेच बाहेर. ऐकायला सोपे. पण चेहरा पाण्यात जाताच शरीराला ते पटत नाही. श्वास आपोआप अडतो, मग घाईघाईने उथळ श्वास सुरू होतात, आणि उथळ श्वासाने घाबरल्यासारखे अधिकच होते. बाईंनी चेहरा बुडवला, नळी दातांतून सुटली, नाकातोंडात पाणी गेले. खोकत खोकत त्या उभ्या राहिल्या. "झाले माझे. तुम्ही जा सगळे," असे म्हणून त्या किनाऱ्याकडे वळल्याही.

मुलाने घाई केली नाही. "मासी, आप बस मुँह डुबोइए, पैर ज़मीन पर रहने दीजिए," एवढेच म्हणून तो शेजारी उभा राहिला. पुन्हा चेहरा पाण्यात. या वेळी बाईंनी आपलाच उपाय काढला. नंतर त्यांनी सांगितले की त्या मनात तेराचा पाढा म्हणत होत्या. तेरा एके तेरा म्हणताना श्वास आत, तेरा दुणे सव्वीस म्हणताना बाहेर. पाढ्याला लय असते आणि तो मध्येच थांबवता येत नाही! तेर दाहे पर्यंत पोहोचेस्तोवर श्वास संथ झाला होता. तिसऱ्या फेरीला पाय आपोआप वर आले. समुद्राचे खारे पाणी आणि अंगावरचे जॅकेट माणसाला बुडू देत नाहीत, ही गोष्ट सांगून पटत नाही, ती अंगानेच समजावी लागते.

"साठीनंतर पुन्हा पालथी पडायला शिकले बघा," बाई पाण्यातून तोंड काढून म्हणाल्या, आणि लगेच पुन्हा खाली पाहू लागल्या.

मग त्यांनी एका हाताने रबरी कडे धरले, गाइडने ते हळूहळू ओढत प्रवाळांच्या पट्ट्यावर नेले. पोहता न येणाऱ्यांना इथे असेच नेतात. एका गाइडबरोबर एक किंवा दोन माणसे, त्याहून जास्त असतील तर आपण होऊन नकार द्यावा. वर एक सूचना त्याने सर्वांना पुन्हा पुन्हा दिली, "पैर नीचे मत रखना." दम लागला, भीती वाटली, मास्कमध्ये पाणी शिरले तरी पाय खाली टेकायचा नाही. कड्याला धरून वर पाहायचे, नाही तर पाठीवर वळायचे. वाळू आल्यावरच उभे राहायचे.

खाली काय असते

काचेतून पाण्याखालच्या वस्तू आहेत त्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश मोठ्या आणि जवळ दिसतात. म्हणून पहिला मोठा मासा अंगावरच आल्यासारखा वाटून प्रत्येक जण दचकतो. दुसरी गोष्ट ऐकू येते ती. प्रवाळांवर पोहोचलात की सारखा कुरकुर, कटकट असा बारीक आवाज येत राहतो. त्यातला एक आवाज पोपट माशांच्या चरण्याचा. हिरवा-निळा-गुलाबी हा मासा पोपटासारख्या चोचीने प्रवाळाचा पृष्ठभाग खरवडतो, त्यावरचे शेवाळ खातो आणि चुनखडी दळून मागून बारीक वाळू सोडतो. मोठा पोपट मासा वर्षाला काही शे किलो वाळू अशी तयार करतो. ज्या पांढऱ्याशुभ्र किनाऱ्यावर आपण चटई अंथरतो, त्याचा बराच भाग माशांच्या पोटातून आलेला असतो हे कळल्यावर आमच्यातल्या त्या बारा वर्षांच्या मुलाला झालेला आनंद वर्णन करता येणार नाही.

समुद्रफुलाच्या हलणाऱ्या बोटांत लपलेला नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा विदूषक मासा सर्वांना ओळखीचा असतो, २००३च्या 'फाइंडिंग निमो' या चित्रपटाने त्याला घरोघरी नेले. चित्रपटाने न सांगितलेली गोष्ट अशी की हे मासे जन्मतः सगळे नर असतात. एका समुद्रफुलात राहणाऱ्या कुटुंबात सर्वांत मोठी ती मादी. ती मेली की तिच्या जोडीदार नराचीच मादी होते आणि संसार पुढे चालतो. प्रवाळात अर्धवट रुतलेला मोठा शिंपला पाहिला, त्याचे ओठ मखमली निळे. आपली सावली पडताच तो हळूच मिटतो. थोडे थांबलात तर पुन्हा उघडतो.

थांबणे हीच इथली खरी विद्या आहे. आमच्यातले पोहता येणारे तिघे जोरात हात-पाय मारत पार दूरवर जाऊन आले. 'बरेच मासे दिसले' म्हणाले. बाई कड्याला धरून वीस मिनिटे एकाच जागी तरंगत होत्या. त्यांना प्रवाळाच्या बिळातून तोंड काढून श्वास घेणारी वाम दिसली, आपल्या हद्दीत घुसलेल्या दुप्पट मोठ्या माशाला हाकलणारा बोटभर मासा दिसला आणि खडकाचा एक तुकडाच रंग बदलून चालू लागलेला दिसला. तो ऑक्टोपस होता. पोहता येत नसल्याचा असा फायदा आम्ही प्रथमच पाहिला.

पांढरा रंग

आता जे सांगायचे ते जरा कमी सुखाचे आहे. भरतपूरला खाली जे दिसते ते सगळेच रंगीत नाही. बराच भाग करडा, शेवाळलेला, मोडलेल्या फांद्यांच्या ढिगासारखा आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याला तो दगड वाटतो. तो मेलेला प्रवाळ असतो.

प्रवाळ हे झाड नाही आणि दगडही नाही. मुंगीएवढ्या किंवा त्याहून लहान असंख्य प्राण्यांची ती वसाहत असते. हे प्राणी स्वतःभोवती चुन्याचे घर बांधतात आणि आपल्या अंगात सूक्ष्म शैवालाला भाडेकरू म्हणून ठेवतात. शैवाल उन्हावर अन्न तयार करते आणि बहुतांश घरमालकालाच देते. रंगही त्याचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा फक्त एखाद अंशाने जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की हा करार मोडतो. प्रवाळ शैवालाला बाहेर काढतो आणि पांढराफटक पडतो. त्या क्षणी तो मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी लवकर निवले तर पुन्हा रंग धरतो, नाही तर मरतो. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ साली अशी लाट येऊन गेली. २०१०ची तर फारच मोठी होती. २०२३मध्ये सुरू झालेल्या जगभरच्या चौथ्या लाटेत २०२४ साली लक्षद्वीपच्या प्रवाळांनाही मोठी झळ बसली. मध्ये २००४च्या भूकंपाने उत्तर अंदमानचा काही किनारा मीटरभर वर उचलला गेला आणि तिथले प्रवाळ थेट उन्हात येऊन मेले.

हे सारे आपल्या हातातले नाही, असे म्हणून सुटता येते. पण उरलेले जे तगून आहेत त्यांच्यावर पाय कोण ठेवतो, ते आपल्या हातातले आहे. गोल, मेंदूसारखा दिसणारा प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे बाईंनी दाखवलेला घमेल्याएवढा गोळा त्यांच्या मुलांहूनही वयाने मोठा असू शकतो. आमच्यापासून थोड्या अंतरावर चार-पाच तरुण अशाच एका गोळ्यावर उभे राहून पाण्याखालच्या कॅमेऱ्याने फोटो काढत होते. आमच्या गाइडने एकदा हाक मारली, मग गप्प बसला. ते दुसऱ्याचे गिऱ्हाईक होते. नंतर शहाळे पिताना तो म्हणाला की पाहुण्याला जास्त बोलले तर पाहुणा रागावतो, मालकाकडे तक्रार जाते. न बोलावे तर पुढच्या वर्षी दाखवायला काय उरणार? त्याचे आजोबा शेती करत, वडील शेती आणि मासेमारी. त्याने धाकट्या भावालाही याच धंद्यात आणले आहे. आठवडाभरात किती जण उभे राहतात, हे तो मोजत नाही म्हणाला.

काही ठिकाणी मासे जमवायला पावाचे तुकडे टाकतात. मुलांना गंमत वाटते, पण शेवाळ खाऊन प्रवाळ स्वच्छ ठेवणारा मासा पावाच्या मागे लागला की शेवाळ वाढते. आम्ही नको म्हणताच आमच्या गाइडने पावाची पिशवी खिशात घातली. म्हणजे पर्यटकाने नको म्हणायचा अवकाश असतो. तसेच उन्हाच्या क्रीमचे. ऑक्सिबेन्झोन हे रसायन असलेली क्रीम्स प्रवाळांना बाधतात म्हणून हवाईमध्ये २०२१पासून त्यांची विक्रीच बंद आहे. डबीवरचे बारीक अक्षर वाचावे, किंवा लांब बाह्या घालाव्यात आणि क्रीम फक्त चेहऱ्यापुरते लावावे.

झोप आणि ओहोटी

पाण्यातून बाहेर आल्यावर जी भूक लागते तिला तोड नाही. भात, डाळ, बटाट्याची भाजी आणि मोहरीच्या वाटणातला मासा असे साधे बंगाली जेवण होते. शाकाहारींसाठी बेटावरच्याच वांग्यांचे भरीत. त्यावर घरून आणलेला चिवडा. मग केवड्याच्या बनाच्या कडेला चटया टाकून सगळे आडवे झाले. पहिला अर्धा तास 'आता पुढे काय?' अशी कुजबुज चालली होती. गटातल्या दोन बहिणींनी मोबाइल वर धरून रेंज शोधली, मिळाली नाही. मग कुणी तरी जुनी अंताक्षरी सुरू केली, तीही दोन फेऱ्यांत विझली. दोन वाजता पाहिले तर अकराच्या अकरा जण गाढ झोपलेले. इंदूरच्या काकांच्या मिशीवर अजून व्हॅसलिन चमकत होते.

तीनच्या सुमारास रिक्षाने लक्ष्मणपूरला गेलो. इथे समुद्राने खडक कोरून एक नैसर्गिक कमान तयार केली आहे, बंगाली मंडळींनी तिचे नाव ठेवले हावडा ब्रिज. ओहोटीला इथला खडकाळ तळ उघडा पडतो आणि खळग्याखळग्यांत पाणी साचून राहते. प्रत्येक खळगा म्हणजे एकेक ताट वाढून ठेवल्यासारखा. समुद्री काकडी, लांब काळ्या काट्यांचा सी अर्चिन, इवले खेकडे, अडकून पडलेले मासे. चपला घट्ट हव्यात, खडक निसरडे आणि धारदार आहेत. इथले काही गाइड प्राणी हातात उचलून मुलांच्या तळहातावर ठेवतात. तसे करू देऊ नये. समुद्री काकडीला कायद्यानेही संरक्षण आहे आणि ती उन्हात काढल्याने तिचे काय होते हे मुलांना वाकून पाहतानाच सांगता येते.

बाई एका खळग्याशी बराच वेळ उकिडव्या बसून होत्या. सकाळी जे वरून पाहिले तेच आता पाण्याबाहेरून दिसत होते, पण रंग निम्मेच. "काचेतून छान दिसते," त्या म्हणाल्या. मग गाइडला विचारले, उद्या बोट किती वाजता आहे, आणि सकाळची भरती किती वाजता.

दुसऱ्या दिवशी भरती पाऊण तासाने उशिरा होती आणि बोट त्याच्या नंतर. त्यामुळे बाईंना आणखी एकदा पाण्यात जायला मिळाले.

जाणाऱ्यांसाठी

श्री विजय पुरमला मुंबईहून चेन्नई किंवा कोलकात्यामार्गे विमानाने जाणे सोयीचे. तिथल्या फिनिक्स बे जेट्टीवरून शहीद द्वीपला सरकारी बोट जाते, खासगी बोटीही आहेत. साधारण दीड-दोन तास लागतात. स्वराज द्वीपहून तासाभराचे अंतर आहे. सुटीच्या दिवसांत तिकिटे आधीच काढावीत. नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ चांगला. मेपासून पावसाळी वाऱ्याने समुद्र खवळतो, पाणी गढूळ होते आणि बोटी रद्द होतात. या बेटासाठी भारतीय नागरिकांना वेगळा परवाना लागत नाही, ओळखपत्र मात्र जवळ हवे. रोख पैसे बरोबर ठेवा.

हृदयविकार, दमा, अपस्मार असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. पोटभर जेवून किंवा मद्य घेऊन तर मुळीच नाही. लाइफ जॅकेटचे बंद स्वतः ओढून पाहावेत. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० साली हॅवलॉकला स्नॉर्केलिंग करणारी एक परदेशी तरुणी मगरीच्या हल्ल्यात मरण पावली होती. ज्या किनाऱ्यावर पोहू नये असा फलक असेल तिथे 'आज कुणी नाही, शांत आहे' असे म्हणून उतरू नका, आणि खारफुटीच्या खाडीजवळ तर पायही ओला करू नका.

ज्यांना अंदमान लांब पडते त्यांनी मालवण जरूर गाठावे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत आणि तिथेही गाइड घेऊन स्नॉर्केलिंग करता येते. पाणी नीलइतके स्वच्छ नसते, पण हिवाळ्यात सकाळी लवकर गेल्यास निराशा होत नाही.

आणि प्रवाळाचे तुकडे, शंख-शिंपले पिशवीत टाकू नका. प्रवाळ आणि कित्येक शंख वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. परतताना विमानतळावर आमच्या पुढच्या कुटुंबाची बॅग यंत्रातून बाहेर आली आणि अधिकाऱ्यांनी ती उघडायला लावली. टॉवेलात गुंडाळलेले सात-आठ तुकडे निघाले. लहान मुलगी रडू लागली, आणि वडील सारखे सांगत होते की किनाऱ्यावर हे नुसते पडलेले होते.